गॅरेजमधलं लेबनॉन

विमानाच्या खिडकीतून मला दुबईचं पहिलं दर्शन घडलं ते वाळूचं. दुसरं दर्शन घडलं माझ्या मेहुण्याच्या गाडीच्या सायलेन्सरचं. विमानतळावरून आम्ही अल कुसैसला, म्हणजे सुरेशच्या घरी निघालो होतो. एका गुळगुळीत वळणावर गाडीच्या पोटातून सायलेन्सर निसटला आणि खणखणत, ठिणग्या उडवत आमच्या मागे घरंगळत आला. मी टाळ्या वाजवल्या.

"वा सुरेश! पाहुण्यासाठी बँड ठेवलायस!"

"दाजी, हसू नका. मागं पोलिसाची गाडी असली तर खलास."

मागच्या सीटवरून त्याची लेक रेवा म्हणाली, "आतोबा, प्लीज, विंडोमधून आत या. पीपल आर लुकिंग." मी कमरेपर्यंत बाहेर होतो. काय करणार, दृश्यच तसं होतं.

गाडी दुरुस्तीला टाकायच्या आधी दोन दिवस टॅक्सीने फिरून घेतलं. बर दुबईच्या अरुंद गल्लीत देवळात हात जोडले, मीना बाजारात साड्यांचे भाव विचारून दुकानदारांना उगाच आशेला लावलं आणि अब्रातून (खाडी ओलांडायची उघडी लाकडी होडी) पलीकडे जाताना उभं राहून नाट्यगीताची एक ओळ म्हटली. होडीवाल्याने मला खाली बसवलं. पलीकडच्या काठावर चहा प्यायलो. एक दिरहम! म्हणजे जवळजवळ तेरा रुपये! सुरेशची बायको नंदा म्हणाली, "दाजी, प्रत्येक घोटाला गुणाकार केलात तर चहा गार होईल."

तिसऱ्या दिवशी शारजाच्या औद्योगिक भागात गेलो, आणि माझा खरा प्रवास तिथे सुरू झाला.

मैलभर गॅरेजंच गॅरेजं. त्यातलं सुरेशचं नेहमीचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. तिच्या जमिनीवर मधोमध पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलेला. पट्ट्याच्या डावीकडे अली, उजवीकडे जाफर. दोघे सख्खे भाऊ, दक्षिण लेबनॉनमधले, दोघांची नाकं एकाच साच्यातली. अली थोरला, तो इंजिनं पाहायचा. जाफर धाकटा, त्याच्याकडे पत्रा आणि रंग. अलीच्या बाजूला पुसायचे फडके हिरवे, चहाचे कप हिरवे. जाफरकडे सगळं पिवळं. मला वाटलं, काय ही टापटीप!

इतक्यात अलीने पाना मागितला. जाफरच्या हातातच होता, हात लांबवला असता तर मिळाला असता. पण अली मान वळवून तिसऱ्याच माणसाला म्हणाला, "गनी, बोलो उसको, सत्रह नंबर पाना देगा."

गनी म्हणजे दापोलीचा गनीभाई, दोघांचा सामायिक कामगार. तो जाफरकडे वळून म्हणाला, "सत्रह नंबर पाना देगा."

जाफरने पाना गनीला दिला. "बोलो उसको, धो के वापस देगा."

गनीने पट्टा ओलांडला, पाना दिला, निरोप दिला. मी वेड्यासारखा पाहत होतो. असला प्रवेश मी उभ्या आयुष्यात रंगभूमीवर पाहिला नव्हता.

"काय हो गनीभाई, हे काय?"

"धा वर्सं असाच चाललाय," गनीभाई हळू आवाजात म्हणाले. "दोगं एकामेकाशी बोलत नायत. मी नसतो तर गॅरेज कदीच बंद पडला असता."

"मग एकत्र कशाला राहतात?"

"कफील (स्थानिक जामीनदार मालक) एकच, परवाना एकच. जातील खय?"

सुरेशने माझी बाही ओढली. "दाजी, इथं पॉलिटिक्स नको. व्हिसा जाईल."

पण मला कोण थांबवणार! बाहेर चहाच्या टपरीवर गनीभाईंकडून सगळी कथा काढून घेतली. ती वाचकांनी नीट ऐकावी.

लेबनॉन हा देश कारभार धर्मपंथांत वाटून करतो. राष्ट्राध्यक्ष ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. संसदेतल्या खुर्च्याही तशाच वाटलेल्या. आमच्या हौशी नाट्यमंडळात राजा कोणत्या घरातला आणि विदूषक कोणत्या घरातला हे नाटक ठरायच्या आधीच ठरलेलं असतं, तसं. यातल्या शियांचे पक्ष दोन. एक जुना, त्याचा झेंडा हिरवा. एक नवा, त्याचा पिवळा. यादवीच्या काळात दोघांनीही बंदुका बाळगल्या. बंदुका परक्यांसाठी होत्या, पण मध्ये एकदा त्या दोघांनी एकमेकांवरच रोखल्या. त्याच गल्ल्यांत, त्याच घरांत. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात, फक्त आपल्याकडे बांधावर कुदळी निघतात.

अली हिरव्यांत होता, जाफर पिवळ्यांत. त्याच दिवसांत त्यांचे वडील वारले. गावाच्या वाटेवर हिरव्यांचा पहारा होता. वडिलांच्या दफनाला निघालेल्या जाफरला त्यांनी नाक्यावरून परत पाठवलं. अली तेव्हा वडिलांना खांदा देत होता. पुढे जाफर आखातात आला, मागून अलीही आला, आणि दोघांमध्ये पांढरा पट्टा आला.

"आणि आता गंमत ऐका," गनीभाई म्हणाले. "तिकडं दोन्ही पार्ट्यांचा कदीच जमला! इलेक्शनला एकच लिस्ट, एकाच स्टेजवर हात वर करून उभे. लढाई ऱ्हायली ती फकस्त आमच्या शेडमधी!"

गाडी परत आणायला गेलो तेव्हा पट्ट्यावर बरोबर मधोमध, मोटारीच्या जुन्या सीटवर एक म्हातारी बसली होती. काळा पोशाख, काळा रुमाल, आणि तेच ते नाक. सगळे तिला उम्म अली म्हणत (म्हणजे अलीची आई. त्यांच्यात आईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, धाकट्याने मुकाट ऐकायचं). आदल्याच वर्षी इस्रायली फौजा दक्षिण लेबनॉनमधून गेल्या, गावाकडच्या वाटा मोकळ्या झाल्या आणि म्हातारी मुलांना भेटायला आली होती.

मी वाकून नमस्कार केला. तिला तो फार आवडला. गनीभाईंना मध्ये घेऊन ती बोलू लागली. मोहरमच्या दहाव्या दिवशी, आशुराला, त्यांच्या गावात हरीसा शिजवतात. मोठ्या पातेल्यात गहू आणि मटण, होडीच्या वल्ह्याएवढ्या लाकडी दांड्याने तासन् तास घोटायचं. त्यांच्या घरात पातेल्यावर नेहमी नवरा उभा असायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ही दोन पोरं.

"यंदा इथं शिजवणार," ती म्हणाली. "दोघांनी एक वल्हं धरलेलं मला पाहायचंय. मग परत जाईन. आता या वयात मी पुन्हा येत नसते."

दोन्ही मुलांनी ऐकलं. अलीने बॉनेटमध्ये डोकं घातलं. जाफर पत्रा ठोकू लागला.

"तूही ये," म्हातारी मला म्हणाली.

आता माझी काय चूक झाली ते सांगतो. मी सांगली जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलो. आमच्या गावात मोहरम म्हणजे वर्षाचा मोठा सण. मराठ्यांपासून माळ्यांपर्यंत सगळे ताबुताला खांदा देणार, अंगावर पिवळे पट्टे ओढून वाघ नाचणार, घरोघरी चोंगे (गुळाच्या गोड पोळ्या) आणि थंडगार सरबत. हसन-हुसेनची गाणी म्हातारी माणसं रडवेल्या सुरात म्हणायची, पण आम्हा पोरांचं लक्ष सरबताच्या पिंपाकडे. तेव्हा मोहरमचं आमंत्रण आल्यावर मी काय केलं? नंदाला चोंगे करायला लावले, केशरी झब्बा घातला आणि आशुराच्या दिवशी सुरेश, रेवा असा लवाजमा घेऊन शेडमध्ये प्रवेश केला. दारात तेलाचं रिकामं पिंप होतं. त्यावर हलगीचा ठेका धरला आणि खड्या आवाजात म्हणालो, "सगळ्यांना मोहरमच्या शुभेच्छा!"

शेडमध्ये काळ्या कपड्यांत पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांचे डोळे ओले. एक जण हुसेनच्या मरणाचं शोकगीत म्हणत होता, तो थांबला.

"काका," गनीभाई पुटपुटले, "मयताच्या घरात आलाव असा समजा."

"आतोबा," रेवा म्हणाली, "आय डोन्ट नो यू."

पायाखालचा पांढरा पट्टा फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात म्हातारीने हाताने मला बोलावलं. पातेलं पट्ट्यावरच मांडलं होतं आणि ती स्वतः त्या वल्ह्याने घोटत होती. प्रत्येक फेरीला सगळं अंग टाकावं लागत होतं. अली आपल्या बाजूला हाताची घडी घालून उभा, जाफर आपल्या बाजूला. एकाने पुढे यावं म्हणून दुसरा थांबलेला.

"हे काय आणलंस?" तिने विचारलं.

मी सांगू लागलो, आणि एकदा सांगू लागलो की मला भान राहत नाही. एक झाडू उचलला, एक छत्री उचलली, झाले दोन ताबूत. आमच्याकडे दोन मोहल्ल्यांचे दोन उंच ताबूत चौकात येतात आणि एकमेकांना टेकतात. याला भेट म्हणायचं. भेटीसाठीच गाव जमतं, भेट झाल्यावरच मिरवणूक पुढे सरकते. मी झाडू आणि छत्रीची अशी काही भेट घडवली की शोकगीतवालाही पुढे सरकून पाहू लागला.

"आणि एक ताबूत आलाच नाही तर?" म्हातारीने विचारलं.

"दुसरा उन्हात उभा राहतो. सगळं गाव उभं राहतं. कुणी हलत नाही, कुणी जेवत नाही."

तिने वल्हं पातेल्यात तसंच उभं सोडलं, रुमालाच्या टोकाने हात पुसले आणि आपल्या सीटवर जाऊन बसली.

गनीभाई धावले. "तू नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही. आम्ही उभे आहोत."

हरीसा घोटायचा थांबला की तळाला लागतो. पातेल्यातून जड बुडबुडे फुटू लागले. आणि मग तो वास आला, करपायच्या आधीचा, कोणत्याही देशातल्या स्वयंपाकघरात माणसाला उडी मारायला लावणारा. दोघांनी एकदम उडी मारली. वल्ह्यावर चार हात पडले.

आणि वल्हं हलेना! अली डावीकडे ओढत होता, जाफर उजवीकडे.

"काय म्हणतायत?" मी गनीभाईंना विचारलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच दोघे मध्यस्थाशिवाय बोलत होते.

गनीभाईंनी माझ्या कानात समालोचन सुरू केलं. "अली बोलतो, उलटा फिरवतोस, गाडवा. जाफर बोलतो, बाबा असाच फिरवायचे. अली बोलतो, तुला काय ठावं. जाफर बोलतो..."

जाफरचा आवाज खाली आला होता.

"बोलतो, मी नाक्यावर उभा होतो. तुज्या माणसांनी माज्या छातीवर बंदूक लावली. तुला म्हायती नव्हता?"

अली पातेल्यात पाहत दोनच शब्द बोलला.

"म्हायती होता, म्हणतो," गनीभाई म्हणाले.

चारही हात थांबले. तेवढ्यात सीटवरून म्हातारी कडाडली. ते मला अनुवादाशिवाय कळलं असतं, तरी गनीभाईंनी सांगितलं: "भांडा! जन्मभर भांडा! पण हात थांबवू नका!"

हात पुन्हा चालू झाले. जाफरने त्याला माफ केलं का? मला तसं दिसलं नाही. तो रडत होता आणि शिव्या देत होता, अली रडत होता आणि ऐकून घेत होता, आणि वल्हं कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरत होतं. म्हातारी मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहत होती.

हरीसा जरा लागलाच होता. आपली गव्हाची खीर करावी, गूळ घालायचा विसरावं आणि मटण घालावं, तशी चव. मी तीनदा घेतला. माझे चोंगे म्हातारीने एका रिकाम्या टूलबॉक्समध्ये ठेवून दिले. दुःखाचा दिवस सरल्यावर खाईन म्हणाली.

योगायोगाने तिचं बैरूतचं आणि माझं मुंबईचं विमान एकाच संध्याकाळी होतं. विमानतळावर तिला सोडायला दोन्ही मुलांबरोबर आलेले गनीभाई भेटले. मी विचारलं, "आता कसं?"

"काय सांगू! दिवसभर भांडतात. पयला बरा होता, माज्या तोंडातून जाताना शिव्या गाळून जायच्या. आता डायरेक."

म्हातारीने माझा हात धरून अरबीत काहीतरी बरंच सांगितलं. गनीभाई सामान बांधायला गेले होते, म्हणून मी दोन्ही मुलांकडे पाहिलं.

"माँ बोलता, हमारा गाँव आने का, अंजीर खाने का," अली म्हणाला.

"अंजीर नहीं, जैतून बोला," जाफर म्हणाला. "अंजीर का झाड कब का सूख गया."

"तुमको क्या मालूम? तुम गया कब?" मला न्यायाधीश केलेलं असल्यामुळे भांडणही हिंदीतच चाललं होतं.

"अगला महीना जाता मैं."

"मैं भी आता," अली म्हणाला.

"आना पडेगा," जाफर म्हणाला. "बाबा का कबर किधर है, मेरे को मालूम नहीं."

म्हातारीला हिंदी येत नव्हती. ती एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत उभी होती. मग तिच्या विमानाची घोषणा झाली.

सांगलीला परतल्यावर बायकोने विचारलं, "दुबईत काय पाहिलंत?" मी म्हणालो, "लेबनॉन," आणि कागदावर नकाशा काढायला घेतला. तिने नकाशाऐवजी माझ्याकडेच काळजीने पाहिलं. आता वर्तमानपत्रात त्या दोन पक्षांची बातमी आली की मी ती सगळी वाचतो. कुणी किती जागा घेतल्या, कोण कुणाच्या शेजारी बसलं. पण मला जे जाणून घ्यायचं असतं ते कधीच छापलेलं नसतं. दोघे गावाला गेले असतील. अलीने जागा दाखवली असेल. आणि माझी खात्री आहे, कबरीच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं यावरून तिथेही वाद झाला असेल. होऊ दे. दोघे तिथे उभे तर असतील.