सीलबंद सलाईन

केसरीनाथ म्हात्रे शेलार गावचा. भिवंडी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळायचा. आलेला माल तपासून सही करणं हे त्याचं काम, आणि अठरा वर्षांत ते त्याने कधी डोळे झाकून केलं नव्हतं.

२००६ च्या ऑगस्टात सलाईनची खोकी आली. पहिल्याच खोक्यातल्या तीन बाटल्यांत पांढरे धागे तरंगत होते. बुरशी. त्याने सही केली नाही. औषध निरीक्षकांना बोलावलं, त्यांनी नमुने घेतले आणि खोकी सील करून कपाटात ठेवली. अहवाल येईपर्यंत एकही बाटली वापरायची नव्हती.

जुना साठा आठवड्यात संपत आला. बाहेरून सलाईन घ्यायच्या मंजुरीचा कागद घेऊन तो अधीक्षकांकडे गेला.

"आधी त्या मालाच्या पावतीवर सही कर," अधीक्षक म्हणाले, "मग तुझा कागद पुढे पाठवतो."

"साहेब, माल खराब आहे."

"ते तू ठरवणार? वरून मंजूर होऊन आलाय."

तीन वेळा गेला, तीन वेळा हेच ऐकून परतला. जिल्ह्याला पत्रं लिहिली, फोन केले. कुणी उचललाच तर म्हणे, तुमच्या साहेबांमार्फत या.

दिघाशीकडच्या पाड्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. शेवटची चांगली बाटली सोमवारी संपली. मंगळवारी दुपारी त्या पाड्यातला देवू बायकोला, कमळीला, टेम्पोत घालून घेऊन आला. तिचे डोळे खोल गेले होते, पाजलेलं पाणी पोटात ठरत नव्हतं. टेम्पो सोडून लगेच निघून गेला होता, आणि ठाण्याला न्यायला दवाखान्याची गाडीही नव्हती, ती दुसरा पेशंट घेऊन गेली होती. नर्स धावत भांडारात आली. "म्हात्रे, काहीतरी करा हो!"

केसरीनाथ सीलबंद कपाटापुढे उभा राहिला. किल्ली त्याच्याच खिशात होती. एखादी बाटली चांगली असेलही, पण कोणती?

तो स्कूटर काढून बाजारात निघाला. दापोड्याच्या गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांनी रस्ता अडवला होता. शिव्या खात, फुटपाथवरून स्कूटर ढकलत तो गेला आणि चार बाटल्या घेऊन आला. कमळी तोवर गेली होती.

देवू पायरीवर बसला होता. "साहेब, कपाटात बाटल्या हायत ना?"

"खराब आहेत रे. त्या लावल्या असत्या तर..."

"मंग चांगल्या का न्हाय ठेवल्या?"

हातातल्या बाटल्या कुठे ठेवाव्यात ते केसरीनाथला सुचेना.

चौकशी लागली, ती त्याच्यावरच. साठा उपलब्ध असूनही रुग्णाला दिला नाही, असा ठपका. अधीक्षकांनी मंजुरी नाकारली त्या तारखा त्याने जबाबात लिहिल्या. ते पान पुढे फायलीतून गायब झालं. त्याची दूर मोखाड्याला बदली झाली. जानेवारीत प्रयोगशाळेचा अहवाल आला: नमुने निकृष्ट, वापरास अयोग्य.

अहवालाची झेरॉक्स घेऊन तो देवूला शोधत वीटभट्टीवर गेला आणि त्याला सगळं वाचून दाखवलं.

"मंग ती कंपनी बंद केली?" देवूने विचारलं.

"नाही. दुसऱ्या नावाने पुन्हा टेंडर भरलंय."

देवू चिखलाचा साचा उचलून कामाला लागला.