दानीएलचे उडीचे फोटो

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात त्या काळी, म्हणजे सत्तर-एकाहत्तर साली, एखादा धडधाकट माणूस भर उन्हात पालथा पडलेला दिसला की परगावचे लोक कांदा फोडून त्याच्या नाकाला लावायला धावत. आम्ही काष्टीकर वळसा घालून पुढं जात असू. तो आमचा फोटोवाला दानीएल. टेम्पोतून शेळी उडी घेणार असली, खोंड उधळणार असला, की हा कॅमेरा घेऊन लोळलाच. खालून काढला म्हणजे जनावराच्या मागं नुसतं आभाळ येतं, असं त्याचं म्हणणं. एकदा तर रेडा त्याच्या अंगावरूनच उडून गेला. फोटो झकास आला. दानीएल दोन दिवस शेकत पडला.

पोट भरायचं लग्नाच्या फोटोंवर. पण नवरा-नवरी समोर उभी राहिली की याच्या जिभेला खाज सुटे, "जरा उडी मारता का?" बायको मरिया विहिरीवर म्हणायची, "लोकांचे नवरे सोता उड्या मारत्यात, आमचा दुसऱ्यास्नी मारायला लावतो!" विहिरीवर म्हणायची, म्हणजे गावभर व्हायचं. आम्ही होतोच की पोचवायला.

दानीएलची हौस एकच. आपला उडीचा एक तरी फोटो कुणाच्या घरात भिंतीवर लागावा. लोक बघत, खिदळत आणि पाय जमिनीवर असलेलाच घेऊन जात. अधांतरी पाय भुताचे, असं आमच्याकडं पक्कं. घरात कोण लावणार?

माणूस थकलं की भिंतीसाठी त्याचा फोटो काढून ठेवायचा, कशासाठी ते मात्र बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. आमच्या शेजारच्या कारभारीनं आपल्या आईला, राहीबाईला, असंच खुर्चीत बसवलं. एरवी राहीबाई अख्ख्या आळीची फिरकी घेणारी. खुर्चीत मात्र दगड.

"मावशी, जरा हसा की," दानीएल म्हणाला.

"कशापायी? मेल्यावर लावायचा हाय न्हवं? मग मेल्यावानीच बसते."

फोटो निघाला. कारभारी बैलांना पाणी दाखवायला वळला, तशी म्हातारी उठली. "लेका, तू मानसं उडवतो म्हनं. मला उडव."

"मावशी, पाय मोडंल!"

"पाय माजा, फोटू तुजा. तुला काय?"

दारापुढून पाण्याची चारी जायची. राहीबाईनं लुगडं वर खोचलं, दानीएल चिखलात आडवा झाला, आणि म्हातारीनं एका उडीत चारी टापली.

फोटो मी पाहिलाय. बोळकं उघडं, पदर कुठल्या कुठं, आणि सावली खाली एकटीच.

कारभारीनं कपाळाला हात लावला. "आये, हे भिताडावर लावू? पावनं म्हनतील, कारभारीची आई भूत झाली!" त्यानं खुर्चीतला घेतला. दुसरा दानीएलनं कागदात गुंडाळून पेटीत ठेवला. तेव्हा त्याचं तोंड बघवत नव्हतं.

पुढच्या थंडीत राहीबाई गेली. तेराव्याला खुर्चीतला फोटो पाटावर मांडला. नेवाशाहून तिची सख्खी बहीण छबूबाई आली. फूल वाहायला वाकली आणि थबकली.

"कारभारी, ही कोन रं? तुजी सासू का?"

सासू शेजारीच बसलेली. ती ताडकन म्हणाली, "मी अजून हाय!"

पोरीबाळी पदरात तोंड घालून हसल्या. कारभारी काही हसला नाही. त्यानं फोटो वाकून बघितला, मग दारात उभ्या दानीएलजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, "दानीएलभाऊ, तो दुसरा... हाय का अजून?"

दानीएल चपला न घालताच पळाला.

उडीचा फोटो पाटावर आला. "हां, ही आमची राही," छबूबाई म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. हार लांब होता, पायांवर येत होता. तिनंच तो मधोमध दुमडला, पाय दिसावेत म्हणून. मग कारभारीनं स्वतः खिळा ठोकला.

पंगती बसल्या, उठल्या. दानीएल भिंतीसमोर उभाच. शेवटी मरियानं त्याची बाही ओढली.

"जेवा आता. ती काय खाली येत न्हाई."