रोजची पेशी

माझे सासरे धारच्या दरबारात पेशकार होते. लोकांचे अर्ज सरकारांपुढे उभं राहून वाचायचे, याला ते पेशी म्हणत. आमच्या मामंजींना साऱ्या जगात भीती एकाच गोष्टीची, दवाखान्याची. तिथे माणूस पायांनी जातो नि खांद्यांवरून परत येतो, असं त्यांचं ठाम मत. अशा माणसापुढे काय बोलणार, कप्पाळ!

एकदा नवा दरबारी जोडा त्यांना चावला. अंगठा लाल झाला, सुजला, हाताला गरम लागू लागला आणि ठणक्याने त्यांनी घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंचे हळदीचे लेप चालू होते. मग एके सकाळी ठणका थांबला, अंगठ्याचं टोक काळं पडलं आणि मामंजींनी खुशीत पोहे मागितले. ते काळं मला मात्र बरं दिसेना. मी हट्टच धरला आणि डॉक्टरांना घरी बोलावून घेतलं.

डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, बोलणं पुस्तकी. त्यांनी अंगठ्याला सुई टोचली, मामंजींना पत्ता नाही. डॉक्टरांनी समजावलं की लाली, ऊब, सूज, ठणका म्हणजे अंग रोगाशी झुंजतंय. दुखेनासं झालं ते वाईट, तिथल्या पेशी मेल्या. ज्या बारीक बारीक कणांचं आपलं शरीर बनतं त्या पेशी, हेही सांगितलं, पण ते मी ऐकलं. मामंजींच्या कानात शब्द तेवढा शिरला.

"बाकीच्या पेशी रोज बघाव्या लागतील," डॉक्टर म्हणाले. "काळं वर चढलं तर पाय कापावा लागेल."

"रोज पेशी? मग हजर राहिलंच पाहिजे," मामंजी म्हणाले.

मला हसू आवरेना, पण मी तो घोटाळा तसाच राहू दिला. औषधाला म्हणून ते जन्मात गेले नसते. आणि पाय गेला असता तर संपलंच होतं सगळं. दरबारात बसून पेशी करायची रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पागोटं, अंगरखा, उपरणं असा थाट करून मामंजींची स्वारी टांग्यातून दवाखान्यात. सासूबाई आणि मी बरोबर होतो. दारातल्या माळवी कंपाउंडरने टांगेवाल्याला विचारलं, भिया, आज दरबार यहीं है क्या? डॉक्टरही चक्रावले. मी पदराआडून त्यांना घोटाळा सांगितला. माणूस हुशार. तेव्हापासून पट्टी बांधून झाली की गंभीर चेहऱ्याने म्हणत, पुढची पेशी उद्या.

रोज ते मेलेलं मांस थोडं थोडं कापून काढत, जखम धूत. मामंजी मजेत छताकडे बघत आणि काही तक्रार नाही म्हणून सांगत. ते ऐकून डॉक्टरांचं तोंड उतरे. सासूबाईंनी तर देवीला साडीचोळी बोलली होती.

मग एक दिवस कात्री काळ्याच्या कडेला गुलाबी मांसाला लागली आणि मामंजी असे ओरडले की कंपाउंडरच्या हातातलं घमेलं पडलं. पाय कापला असं समजून बाहेर बसलेल्या सासूबाई धावत आत आल्या.

"पाय आहे, सासूबाई," मी म्हटलं. "दुखतंय त्यांना."

त्या पदराने डोळे पुसू लागल्या. "दुखू दे गं बाई," त्या म्हणाल्या. "चांगलं दुखू दे."