डांबराच्या गोळ्यांचा वास
कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला आमच्या वकिलांचा काळा कोट आठवतो आणि डोकं फिरतं. पळस्प्याजवळ बिल्डरने आमच्या घराच्या वाटेवरच भिंत घातली, आम्ही केस हरलो, आणि "अपील करतो, निर्धास्त राहा" म्हणणाऱ्या या वकिलांनी मुदत उलटून गेली तरी अपील केलंच नाही. मग आम्ही त्यांच्यावरच दावा लावला. विचारलेला एकही वकील आपल्याच माणसाविरुद्ध उभा राहायला तयार होईना, म्हणून पनवेलच्या कोंदट कोर्टात, घरघरणाऱ्या पंख्याखाली आई स्वतःच उभी राहिली. शेजारी तोच कोट, तोच वास. न्यायाधीश म्हणाले, "वकिलांची चूक दिसते आहे. पण अपील वेळेत झालं असतं तर तुम्ही जिंकलाच असतात, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल." आई उसळली, "सायेब, तेच सिद्ध करायला तर आमी याला वकील केला व्हता ना!" न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, एखादा चांगला वकील करा." ती भिंत आजही उभी आहे, मी आजही तिला वळसा घालून घरी जातो, आणि वकील अजून शोधतोच आहे.