मखमलीखालचा फ्रॉक

आमच्या चर्चमधल्या मेरीमातेला कपडे घालायचं काम तीस वर्षं माझ्या गोदलीव मावशीकडे होतं. सणाच्या आदल्या दिवशी दार लावून घ्यायचं, मूर्ती उघडी असताना एकाही पुरुषाला आत येऊ द्यायचं नाही, ही आमच्या फ्लँडर्सची रीत. मावशीची लेक कोलेता बाराव्या वर्षी पटकीनं गेली. पहिल्या कम्युनियनला, चर्चमधला पहिला प्रसाद घेताना, घातलेला तिचा पांढरा फ्रॉक मावशीनं मातेला अर्पण केला आणि मखमली झग्याच्या आत घातला. हे फक्त मला ठाऊक होतं. सणाला गावाची माता सजायची, मावशीला लेक भेटायची.

मग नवे फादर आले. पाचशे वर्षांपूर्वीच्या मूर्ती लोकांना दाखवल्या की आटलेली श्रद्धा परत येईल, असं त्यांना वाटे. त्यांनी घेंट शहरातून लेओनार नावाचा फोटोवाला बोलावला.

कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून डोकं काढत तो म्हणाला, "बाई, मखमल नुसती काळीठिक्कर येतेय. तुमची माता म्हणजे कोळशाचं पोतं!"

"मेल्या, आतलं कोरीवकाम बघितलंस तर आ वासशील!"

"मग दाखवा की."

मी "मावशी, नको" म्हणत राहिले. पण तिचा पारा चढला होता. त्याला बाहेर घालवून तिनं झगा उतरवला, फ्रॉक हातावर घेतला आणि स्वतःच दार उघडलं. तो "हलू नका" म्हणाला. मावशी मूर्तीशेजारी उभी राहिली, पण खाली वाकून फ्रॉकच्या चुण्या सारख्या करत राहिली.

फोटो पाहून फादर हरखले. "हीच आपल्या पूर्वजांची माता! आता झगेबिगे बंद."

मातेच्या अंगावरचे कपडे बाद झाले तरी घरी न्यायचे नसतात, जाळायचे असतात. मी म्हटलं, "तेवढा फ्रॉक मागून घे गं."

"मातेला दिलेलं परत मागू? कोलेताला काय वाटेल?"

चर्चमागे तिनंच तो आगीत ठेवला. मला तिचा भयंकर राग आला, अजूनही येतो.

फादरांनी तिला फोटोची एक प्रत दिली. मूर्ती लख्ख आली होती. मावशीचा चेहरा हलल्यामुळे पुसला गेला होता, आणि हातावर नुसतं पांढरं धुकं.

"कडेचा डाग कापून टाकू," फादर म्हणाले. "मग चौकटीत छान दिसेल."

मावशीनं फोटो छातीशी धरला.

"कापू नका, फादर," ती म्हणाली. "माझी पोर आहे ती."