वीस वर्षांच्या उपवासाचं उद्यापन

आमच्या घराण्यात माझ्या मोठ्या बहिणीला कुणी आजारी म्हटलं नाही, सोवळी म्हटलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, वर नवरात्र. उरलेल्या दिवशी तिला म्हणे भूकच नसायची. वीस वर्षं ती डोळ्यांदेखत वाळत गेली आणि पाचोडची आत्या आपल्या सुनांना सांगत राहिली, "हिच्याकडून शिका काही." त्या सुना दोन्ही वेळा पोटभर जेवायच्या, हे त्यांचं शहाणपण.

गेल्या वर्षी पुंडलिकनगरच्या आमच्या घरात ती न्हाणीत कोसळली. तेव्हा कुठे आम्ही मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या स्पष्ट बोलल्या. न खाण्याचा इतका जुना आजार एकदम जाणार नाही, आधी ही जगली पाहिजे. रोज एक वाजता कुणीतरी तिच्यासोबत जेवायला बसायचं. आग्रह नाही, कौतुक नाही, ताटाकडे बघणं नाही. मी शिक्षिका, शाळा सकाळची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तीन महिने ती माझ्यासमोर वाटीभर वरणभात खात होती. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

श्रावणात आत्या आली. एक वाजताची वाटी बघून तिनं कपाळावर हात मारला. "उद्यापन केल्याबिगर सोमवार सोडता येत नाय, पोरी. लई पाप लागतं!"

मी म्हटलं, मग करून टाकू उद्यापन. धर्माच्याच हातून उपवास सुटतील, अशी माझी अक्कल. डॉक्टरीणबाईंना विचारलंसुद्धा नाही.

सोळा मेहुणं जेवायला आली. लासूर स्टेशनहूनही आली. बहिणीनंच त्यांना आग्रह करकरून वाढलं. ढेकर देत सगळे तिच्या भक्तीचे गोडवे गात होते. मग प्रसादाचा चुरम्याचा लाडू तिच्या हातात दिला आणि बत्तीस माणसं तिच्याभोवती गोळा झाली. "खा गं, समदे बघायलेत," आत्या म्हणाली. तिनं खाल्ला. टाळ्या वाजल्या. एका काकानं मोबाइलवर फोटो काढला. "बघा, झाली की बरी! उगीच डॉक्टरांचे खिसे भरायलेत." टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. त्या बिनडोकांना निदान काही ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस खोलीचं दार बंद, आत फक्त पाणी आणि चहा. पाहुणे केव्हाच उरलेला चुरमा डब्यात भरून निघून गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज नाही आली तर उद्या दवाखान्यात भरती करायचं. मला रडायलाही लाज वाटत होती.

नवव्या दिवशी मी एकटीच जेवायला बसले. दार उघडलं. भिंतीला धरत ती आली आणि समोर टेकली.

"वीस वर्षं उपाशी होते, तेव्हा तुम्ही माझ्या पाया पडलात," ती म्हणाली. "एक लाडू खाल्ला, तर टाळ्या वाजवल्या. मला भूक लागते का, हे एकानंबी विचारलं नाय. तूबी नाय."

"लागते?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली.