गावातली एकच पोर

मित्रांनो, जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितो.

धाकट्या नातीला कॉलेजात घालायचं आहे. थोरली नात सुनंदा शिकली तिथल्या मुलींना नोकरी लागते का, ते विद्यापीठानं मोबाईलवर टाकलंय. अक्षर बारीक, म्हणून आज सकाळी चहाच्या टपरीवर भिकाला वाचायला दिलं. नावं कुणाची नव्हती. गाव, विषय, मुली किती, नोकरी किती जणींना, एवढंच.

भिका मोठ्यानं म्हणाला, "आबा, आपला गावनी रसायनशास्त्रनी पोर एकच, आनि नोकरी नाही. ती तुम्हनी सुनंदाच ना? ती तर सुरतले नोकरीले शे!"

कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "जुनं व्हई ते."

संध्याकाळी सुनंदाचा सुरतेहून रोजच्यासारखा फोन आला. "आबा, आज ऑफिसमा भलतं काम व्हतं."

मी एवढंच विचारलं, "जेवनी का, बेटा?"

हे आकडे लोकांना दिसायलाच हवेत, नाहीतर माझ्यासारख्यानं कॉलेज निवडावं कसं? पण जिथे पोर एकच, तिथे नाव झाकून काय झाकलं?

रोज सकाळी खोलीवरून निघते म्हणते. कुठे जात असेल हो?